प्रोसेसर बदलू की रॅम वाढवू?

वाचकांचे प्रश्न : लॅपटॉप

कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की लॅपटॉपची पत्रं वाढतात. या वेळची बहुतेक पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात: वेगवान प्रोसेसरसाठी जास्तीचे पैसे मोजावेत का? त्यातली काही निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : मुलगी यंदा बी.कॉम.ला गेली. दुकानदाराने दोन लॅपटॉप दाखवले. कंपनी एकच, दोन्हींत ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी. एकात आय५-१३३५यू, दुसऱ्यात आय७-१३५५यू. आय७ वाला १४ हजारांनी महाग आहे. दुकानदार म्हणतो, "साहेब, हा घ्या, पाच वर्षं बघायचं काम नाही." घ्यावा का?
— एक पालक, लातूर

उत्तर : घेऊ नका. नावात पाच आणि सात असले तरी आतून या दोन चिप जवळपास जुळ्या आहेत. दोन्हींत २ मोठे आणि ८ छोटे असे १० कोर (काम करणारे भाग), दोन्हींत १२ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं), दोन्हींची कॅश (चिपमधली छोटी, वेगवान साठवण) १२ एमबी, आणि दोन्हींना नेमून दिलेली वीज १५ वॅट. फरक आहे तो मुख्यतः कमाल वेगाचा. आय५चा ४.६ गिगाहर्ट्झ, आय७चा ५. म्हणजे सगळं जुळून आलं तरी ९ टक्क्यांच्या आत. त्यातही पातळ लॅपटॉपमध्ये हा कमाल वेग थोडाच वेळ टिकतो. चिप तापली की दोघेही खाली उतरतात, आणि मग त्यातला आय५ कोणता नि आय७ कोणता हे वापरणाऱ्याला सांगता येणार नाही.

बी.कॉम.चं काम म्हणजे वर्ड, एक्सेल, नोट्सच्या पीडीएफ, यूट्यूबवरची लेक्चर्स, गुगल मीट आणि पुढे टॅली. यात प्रोसेसर बहुतेक वेळ मोकळाच असतो. खरी अडचण होते ती रॅमची, म्हणजे चालू कामं मांडून ठेवायच्या जागेची. विंडोज ११ नुसतं सुरू झालं की ३ ते ४ जीबी रॅम घेतं. ब्राउझरमध्ये पंधरा-वीस टॅब उघडे राहिले की आणखी २ ते ४ जीबी जाते. शिवाय स्क्रीनवरचं चित्र काढणारा भाग प्रोसेसरमध्येच असल्यामुळे त्याचाही वाटा याच रॅममधून कापला जातो. ८ जीबी अशी भरली, की विंडोज जास्तीचा माल एसएसडीवर, म्हणजे कायमच्या साठवणीत, नेऊन ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. टॅब बदलताना मध्येच क्षणभर सगळं थिजतं ते यामुळे. लोक तेव्हा प्रोसेसरला बोल लावतात.

म्हणून आय५ घ्या आणि रॅम १६ जीबी करून घ्या. त्याआधी दुकानातच टास्क मॅनेजर उघडा: कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, परफॉर्मन्समध्ये जा, मेमरीवर क्लिक करा. खाली 'स्लॉट्स यूज्ड' दिसेल. तिथे '१ ऑफ २' असेल तर त्याच प्रकारची आणखी एक ८ जीबीची पट्टी बसते. पट्टीचा प्रकार मात्र बघून घ्या, कारण डीडीआर४ ची (रॅमची जुनी पिढी) पट्टी डीडीआर५ च्या (नवी पिढी) खाचेत जात नाही. रॅम बोर्डवरच डकवलेली असेल आणि रिकामा स्लॉट नसेल, तर ती नंतर वाढवता येत नाही. तसं मॉडेल १६ जीबीचं मिळत असेल तरच घ्या, नाहीतर सोडून द्या.

दुसऱ्या पट्टीचा आणखी एक फायदा दुकानदार सहसा सांगत नाही. या इंटेल चिपमधला 'आयरिस एक्सई' ग्राफिक्स पूर्ण ताकदीने चालायला रॅम दोन चॅनेलमध्ये, म्हणजे दोन वाटांनी एकदम, लागते. एकच पट्टी असेल तर विंडोज त्याचं नाव नुसतं 'यूएचडी ग्राफिक्स' दाखवतं, आणि खरंच तो तेवढाच चालतो.

उरलेल्या पैशांत स्क्रीन बघा. फुल एचडी, आयपीएस (बाजूनेही नीट दिसणारा पडदा) आणि शक्य तर ३०० निट्स उजेड. रोज चार तास डोळे तिथेच असणार आहेत. आणि आपल्याकडची लाईट लक्षात घेता राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेऊन टाका. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. लेक्चर तुटतं ते राउटर बंद पडल्यामुळे.

प्रश्न : जुन्या आय७-७५००यू वर २.७ गिगाहर्ट्झ लिहिलंय आणि नव्या आय३-१२१५यू वर १.२. मग जुनाच वेगवान ना?
— एक वाचक, परभणी

उत्तर : नाही. हे दोन्ही आकडे मूळ वेगाचे आहेत. काम पडलं की चिप वर चढते. जुना ३.५ पर्यंत जातो, नवा ४.४ पर्यंत. जुन्यात २ कोर, नव्यात २ मोठे आणि ४ छोटे मिळून ६. शिवाय नव्या रचनेचा कोर त्याच गिगाहर्ट्झमध्ये जास्त काम उरकतो. वेगवेगळ्या पिढ्यांचे गिगाहर्ट्झ एकमेकांसमोर ठेवूच नयेत.

प्रश्न : मोंढ्यात आडत दुकान आहे. २०१८ सालचा लॅपटॉप, आय३-७०२०यू, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क. सकाळी चालू करून चहा पिऊन आलं तरी टॅली उघडलेली नसते. शेतकऱ्यांच्या मालाच्या पट्टीचा (विक्रीच्या हिशोबाच्या कागदाचा) हिशोब एक्सेलमध्ये आहे, तोही फार अडकतो. सीझनच्या आत नवीन आय७ घ्यावा असा विचार आहे.
— एक आडते, हिंगोली

उत्तर : आधी एक साधी तपासणी करा. लॅपटॉप चालू झाल्याबरोबर टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये सीपीयू आणि डिस्क दोन्ही बघत राहा. तुमच्या वर्णनावरून डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली, तिचा वेग सेकंदाला जेमतेम १-२ एमबी, आणि सीपीयू त्या मानाने निवांत असं चित्र दिसेल. दिसलं, तर मशीन प्रोसेसरमुळे अडत नाही.

टॅलीच्या चिन्हावर डबल क्लिक केल्यावर आत काय होतं ते बघा. टॅलीच्या आणि विंडोजच्या शेकडो छोट्या फाइली डिस्कच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून वाचायच्या असतात. हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी आणि तिच्यावर सरकणारा काटा असतो. मिनिटाला ५४०० फेऱ्यांची डिस्क अशा विखुरलेल्या वाचनात सेकंदाला शंभराच्या आसपासच ठिकाणं गाठते. त्याच वेळी अँटिव्हायरस आणि विंडोजचा अपडेटही त्याच काट्याला ओढत असतात. एसएसडीत काटाच नाही. साधी साटा (जुन्या लॅपटॉपला चालणाऱ्या जोडणीची) एसएसडीही सेकंदाला हजारोंनी ठिकाणं वाचते. मोठी फाइल सलग कॉपी करताना फरक पाचपट दिसतो, पण चालू होण्यात आणि प्रोग्राम उघडण्यात तो त्याहून कितीतरी जास्त जाणवतो.

करायचं असं. २.५ इंची, ७ मिमी जाडीची ५०० जीबी साटा एसएसडी घ्या. टॅलीचा डेटा आणि सगळ्या एक्सेल फाइली आधी बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा आणि उघडून बघा. नुसतं कॉपी झालं यावर विसंबू नका. जुनी डिस्क तशीच्या तशी नव्यावर उतरवता येते, पण ती कुरकुरत असेल किंवा तिच्यात खराब सेक्टर असतील तर ती चूकही तशीच उतरते. अशा वेळी विंडोज नव्याने टाकलेली बरी. विंडोजच्या लायसन्सची नोंद मदरबोर्डशी (लॅपटॉपच्या मुख्य बोर्डाशी) जोडलेली असल्यामुळे नेट लावल्यावर ती आपोआप चालू होते, नव्याने विकत घ्यावी लागत नाही. टॅलीचं लायसन्स मात्र जुन्या डिस्कवरून आधी सरेंडर करा. हे राहून गेलं की ऐन सीझनमध्ये नव्या डिस्कवर टॅली एज्युकेशनल मोडमध्ये (लायसन्स नसलेल्या, मर्यादित रूपात) उघडते आणि मग धावपळ होते.

रॅमसाठी ८ जीबी डीडीआर४ची पट्टी. बाजारात ३२०० वेगाची मिळेल, ती या मशीनमध्ये २१३३ वेगाने चालेल. नुकसान काही नाही.

आता एक्सेल. तुमची फाइल अडकते त्याला डिस्कशिवाय दुसरीही कारणं असू शकतात. शीटमध्ये कंट्रोल आणि एंड दाबा. कर्सर शेवटच्या नोंदीच्या कितीतरी खाली, लाखाव्या ओळीवर गेला, तर एक्सेल त्या सगळ्या मोकळ्या जागेलाही वापरलेली समजतंय. खालच्या ओळी निवडून डिलीट करा आणि सेव्ह करा. व्हीलुकअप पूर्ण कॉलमवर लावला असेल तर तो जेवढ्या ओळी आहेत तेवढ्यांपुरता करा. ऑफसेट, इनडायरेक्ट, टुडे ही सूत्रं कुठेही काहीही टाइप केलं तरी दर वेळी नव्याने हिशोब करतात. हजारो घरांत ती असतील तर कोणतंही मशीन दमेल. आणि कुणाकडून मॅक्रो (एक्सेलमधला छोटा प्रोग्राम) लिहून घेतला असेल, तर तो एकाच कोरवर चालतो. एकच पोतं उचलायला दहा हमाल लावून उपयोग नाही, तसे तिथे दहा कोर कामाला येत नाहीत. तिथे एका कोरचा वेग कामाचा, आणि तो तुमच्या ७व्या पिढीच्या चिपमध्ये खरोखर कमी आहे. एवढ्या एका बाबतीत नवीन प्रोसेसर फरक दाखवेल.

टॅलीचा डेटा पेन ड्राइव्हवर ठेवून तिथूनच वापरायची सवय असेल तर ती आजच सोडा. हळू तर चालतंच, पण मध्येच लाईट गेली किंवा ड्राइव्ह हलला की डेटा बिघडतो.

एक अडचण मात्र राहते. विंडोज १०चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला इंटेलची ८वी पिढी किंवा त्यापुढची लागते, तुमची ७वी (७०२० मधला पहिला ७). घरगुती वापरासाठीचे वाढीव सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत. म्हणून नेट बँकिंग आणि जीएसटी याच मशीनवर करत असाल, तर ते काम विंडोज ११च्या मशीनवर न्या. त्यासाठी आय३ किंवा आय५, १६ जीबी, एसएसडी एवढं पुरे. आय७ची गरज नाही. जुन्या मशीनवर एसएसडी घालून टॅली आणि पट्ट्या छापणं वर्ष-दोन वर्षं सहज निघेल. नंतर हीच एसएसडी केसमध्ये घालून बॅकअपला वापरता येते, पैसे वाया जात नाहीत.

प्रश्न : शाळेची ऑनलाइन माहिती भरताना पान फिरतच राहतं. वेगवान लॅपटॉप घेतला तर फॉर्म पटकन भरतील का?
— एक शिक्षक, बीड जिल्हा

उत्तर : पान फिरत असताना टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ५-१० टक्के दिसत असेल, तर तुमचा लॅपटॉप रिकामा बसलाय आणि उत्तर यायचंय ते पलीकडच्या सर्व्हरकडून. शेवटच्या तारखेला सगळा जिल्हा एकदम बसतो. सकाळी लवकर, मुदतीच्या आठवडाभर आधी भरा. फाइल अपलोड अडकत असेल तर स्कॅन ३०० डीपीआय रंगीत न करता १५० डीपीआय ग्रेस्केल करा. पीडीएफ कितीतरी हलकी होते.

प्रश्न : आय५-११३५जी७, १६ जीबी, एसएसडी. सकाळी छान चालतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारानंतर असा रेंगाळतो की कोड रन व्हायलाही वेळ लागतो. फॅन सतत ओरडतो. प्रोसेसर कमी पडतोय का?
— एक अभियांत्रिकी विद्यार्थी, नांदेड

उत्तर : सकाळी पुरतो तो प्रोसेसर दुपारी कमी पडत नाही. त्याला मुद्दाम मागे खेचलं जातंय. तुमच्या चिपची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. तिथे पोचली की जळू नये म्हणून ती स्वतःचा वेग उतरवते. उष्णता बाहेर फेकली जाते ती चिप आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर. खोली २५ अंशांवर असताना हा फरक ७५. खोलीत ४२ असेल तर ५८. त्याच फॅनने, त्याच फिन्समधून (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या) जवळपास पाव हिस्सा कमी उष्णता जाते. त्यात दोन उन्हाळ्यांची धूळ अडकलेली असेल तर विचारायलाच नको.

खात्री करायची तर काम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूखालचा 'स्पीड' बघा. सकाळी ३-४ गिगाहर्ट्झ आणि दुपारी त्याच कामाला १ च्या आसपास, म्हणजे दुखणं उष्णतेचंच.

गादीवर, उशीवर, मांडीवर ठेवून काम बंद करा. हवा खालच्या जाळीतून आत जाते आणि गादी ती जाळी दाबून टाकते. मागची बाजू २-३ सेंमी उचलून ठेवा, दोन बाटल्यांची टोपणंही चालतील. कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नका, ती हवा ओलसर असते आणि तिच्यासोबत तुषारही येतात.

सफाईसाठी लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला. खालचे स्क्रू काढताना दोन-तीन रबरी पायांखाली लपलेले असतात; ते राहिले आणि झाकण ओढलं तर क्लिपा तुटतात. उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर काढा. फॅनची पाती काडीने धरून ठेवा आणि मग ब्लोअर मारा, नाहीतर फॅन वाजवीपेक्षा जोरात फिरून त्याची बेअरिंग जाते. खरी धूळ फॅनवर नसते. फॅन आणि बाहेर हवा सोडणाऱ्या तांब्या-ॲल्युमिनियमच्या पातळ फिन्स यांच्या मधल्या फटीत नमद्यासारखा थर जमतो. तो चिमट्याने काढावा लागतो, बाहेरून हवा मारून निघत नाही. तीन-चार वर्षं झाली असतील तर थर्मल पेस्टही (चिपवरची उष्णता पुढे नेणारा लेप) बदला: तांदळाच्या दाण्याएवढी, जास्त नाही. हात बसलेला नसेल तर दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या, पण समोर बसून.

तोवर तात्पुरता इलाज. पॉवर प्लॅनच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० चं ९९ करा. टर्बो, म्हणजे चिपचं कमाल वेगावर चढणं, बंद होतो, मशीन थंड राहतं. कमाल वेग जातो खरा, पण दुपारी तो तसाही मिळत नव्हता. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा पर्याय लपवलेला असतो. तिथे पॉवर मोड 'बेस्ट पॉवर एफिशिएन्सी' करा.

आणखी दोन गोष्टी बघा. ६५ वॅटच्या लॅपटॉपला कुणाचातरी ४५ वॅटचा चार्जर लावलाय का? वीज कमी पडली की काही कंपन्यांची मशीनं वेग उतरवतात आणि तसं ठळकपणे सांगतही नाहीत. आणि टचपॅड वर उचललेला वाटला किंवा खालचं झाकण फुगलेलं दिसलं, तर बॅटरी फुगली आहे. मग चार्ज करू नका, वापरू नका, आधी बॅटरी बदला.

प्रश्न : लग्नाचं शूटिंग करतो. कॅमेरा ४के, १० बिट, ४:२:२ देतो. एडिटिंगला टाइमलाइन अडखळत चालते. आय५ यू मालिका, ८ जीबी. इथे तरी प्रोसेसर लागतो ना?
— एक फोटोग्राफर, धाराशिव

उत्तर : हो, इथे लागतो, आणि इथे पैसे घाला. फक्त नेमके कुठे ते बघून. एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) मधली ४:२:२ (रंगांची जास्त माहिती ठेवणारी) फाइल उलगडणं हे फार जड काम आहे. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या लॅपटॉप चिपमध्ये त्यासाठी वेगळा भाग आहे. एनव्हिडियाच्या ५० मालिकेआधीच्या ग्राफिक्स कार्डांना ४:२:२ असं उलगडता येत नाही. म्हणजे ४० मालिकेचं महागडं कार्ड घेऊनही टाइमलाइन अडखळू शकते, आणि माणूस चक्रावतो. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये डिकोडिंगला इंटेलचा पर्याय चालू आहे ना, ते बघा.

घ्यायचाच तर शेवटचं अक्षर 'एच' असलेला प्रोसेसर घ्या. यू मालिकेला १५ वॅट, एचला साधारण ४५. तासभर चालणाऱ्या एक्स्पोर्टमध्ये हाच फरक दिसतो. रॅम ३२ जीबी. लॅपटॉप जाड असला तरी चालेल. पातळ डबीत एच चिप कोंबलेली असेल तर ती तापून पुन्हा यूच्याच पातळीला येते.

सीझन तोंडावर असेल आणि लगेच खरेदी जमणार नसेल, तर प्रॉक्सी, म्हणजे मूळ फुटेजची हलकी प्रत, करा. १९२०×१०८०, प्रोरेस प्रॉक्सी (एक व्हिडिओ फॉरमॅट), सेकंदाला २५ फ्रेम: एका तासाच्या फुटेजला साधारण १७ जीबी जागा लागते. रात्री प्रॉक्सी बनवायला लावा, सकाळी त्यावर कापाकापी करा, एक्स्पोर्ट मूळ फाइलवरून. प्रॉक्सी लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवरच ठेवा.

प्रश्न : बजेट कमी आहे. तेवढ्याच पैशांत सेलेरॉन एन४०२० चा नवा लॅपटॉप किंवा आय५-८२५०यू चा सेकंडहँड मिळतोय. आणखी थोडे घातले तर रायझन ५ ७५२०यू नवा. कोणता?
— एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर : सेलेरॉन सोडून द्या. त्यात २ कोर आणि २ थ्रेड. मीट चालू ठेवून पीडीएफ उघडली तरी दम लागतो. अशा मशीनमध्ये बऱ्याचदा ६४ जीबीची ईएमएमसी (एसएसडीपेक्षा हळू, बोर्डवरची) साठवण असते, ती विंडोजच्या अपडेटनेच भरते. रोजच्या वापरातही प्रोसेसर आडवा येतो तो इथे, अगदी खालच्या पायरीवर.

आय५-८२५०यू मध्ये ४ कोर, ८ थ्रेड. ८व्या पिढीचा असल्यामुळे विंडोज ११ रीतसर चालतं. २०१७ची चिप असली तरी अभ्यासाला पुरते. दुकानदाराने '७व्या पिढीचा आय७' म्हणून जास्त पैसे सांगितले तर भुलू नका. त्या यू मालिकेच्या आय७मध्ये २च कोर असतात.

रायझनमध्ये नावाची गंमत आहे. ७००० मालिकेत तिसरा आकडा आतली रचना सांगतो. ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २ (जुनी रचना), ४ कोर. ७५३०यू मधला ३ म्हणजे झेन ३ (त्यानंतरची रचना), ६ कोर. दोन्हींच्या डब्यावर 'रायझन ५' असंच छापलेलं. शिवाय ७५२०यू ची रॅम बोर्डवर डकवलेलीच येते. ८ जीबीचा घेतलात तर तो कायम ८ जीबीचाच. १६ जीबीचा मिळत असेल आणि वॉरंटी हवी असेल तर घ्या, नाहीतर सेकंडहँड आय५ बरा.

सेकंडहँड घेताना दुकानातच कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, एक स्पेस, स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप करा. जी फाइल तयार होते तिच्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' हे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या ६० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापून मागा. प्रत्येक यूएसबीत पेन ड्राइव्ह लावून बघा, पांढरं पान उघडून स्क्रीनवर डाग आहेत का पाहा, बिजागरी दोनदा पूर्ण उघड-मिट करा. आणि अर्धा तास यूट्यूब चालू ठेवून बसा. मशीन मध्येच बंद पडलं तर पैसे खिशातच राहू द्या.